बारीक ग्रेन, पण किती बारीक?

काका, नमस्कार. धातूंच्या अतिबारीक ग्रेनवरच्या (ग्रेन म्हणजे धातू ज्यांचा बनतो ते स्फटिक-कण) माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली, रागही पोचला. चाळीस वर्षं फोर्जिंग शॉपमध्ये नॉर्मलायझिंग (पोलाद तापवून हवेत थंड करणं) केलंत, ग्रेन बारीक झाला आणि माल कमजोर निघाला असं एकदाही पाहिलं नाहीत. त्यामुळे ‘दहा नॅनोमीटरच्या खाली धातू मऊ होतो’ हे माझं वाक्य म्हणजे पोरोसिटी (आतली बारीक पोकळी) राहिलेल्या नमुन्यांवरून काढलेला पोरकट निष्कर्ष, आणि चादरीची उपमा तर साफ चुकीची, असं तुमचं म्हणणं.

आधी चादर. धातू कसा वाकतो ते सांगताना दिलेलं, चादरीची चुणी सरकवण्याचं उदाहरण ढिलं होतं, कबूल. सोलापुरात राहून चादर अंथरायची आठवली, विणायची नाही! लूमवर ताण्यातला एक धागा मधेच संपला की शेजारचे धागे ती जागा भरायला वाकतात ना, धातूतलं डिसलोकेशन तसंच: अणूंचा एक थर मधेच संपलेला. जोर लावला की ते टोक सरकत जातं आणि धातू वाकतो. ग्रेनची बाउंड्री आली की अडतं. मागून येणारी डिसलोकेशनं त्याला रेटतात, गड्ड्याच्या जत्रेत पुढची वाट अडल्यावर होतं तसं. ग्रेन लहान तर रांग लहान, रेटा कमी, म्हणून शेजारच्या ग्रेनमध्ये वाकणं पोचवायला बाहेरून जास्त जोर लागतो. हॉल (१९५१) आणि पेच (१९५३) यांच्या नियमाप्रमाणे ग्रेनचा व्यास चौथाई केला की ग्रेनमुळे मिळणारी ताकद दुप्पट होते. तुमची चाळीस वर्षं या नियमात चोख बसतात.

पण तुमचा आठ नंबरचा ग्रेन (नंबर जितका मोठा तितका ग्रेन बारीक) साधारण २२ मायक्रॉनचा, म्हणजे २२ हजार नॅनोमीटरचा. मी बोलतोय तो त्याच्याहून दोन हजार पट बारीक. तिथे रांग लागायला जागाच नाही. बाउंड्री एक नॅनोमीटर जाड धरून चौकोनी ग्रेनचा कच्चा हिशेब करा: २२ मायक्रॉनला ती खिजगणतीतही नाही, १०० नॅनोमीटरला एकूण आकारमानाच्या ३ टक्के, १० नॅनोमीटरला २७ टक्के. मग वाकण्याचं काम डिसलोकेशनकडून बाउंड्रीकडे जातं, ग्रेन एकमेकांवर घसरू लागतात.

पोरोसिटीची तुमची शंका मात्र रास्त आहे. चोक्शी, ग्लायटर वगैरेंनी १९८९ मध्ये तांबं आणि पॅलेडियममध्ये हा मऊपणा दाखवला, तेव्हा नमुने पावडर दाबून केलेले असत आणि त्यांच्यावर असेच आक्षेप आले. म्हणून मी २००३ चं शिओट्झ आणि याकोब्सेन यांचं काम जास्त मानतो. त्यांनी संगणकात तांब्याचे अणू मांडून ताणले. तिथे पोरोसिटी नाहीच, तरी ताकद १० ते १५ नॅनोमीटरला शिखर गाठून उतरली. (संगणकातलं ताणणं प्रत्यक्षापेक्षा प्रचंड वेगाचं असतं, हेही तुम्ही म्हणणारच.)

माझी खरी चूक तुम्ही पकडली नाहीत. २०१७ मध्ये चिनी धातुशास्त्रज्ञ लु के यांच्या गटाने निकेल-मॉलिब्डेनमचे असे अतिबारीक ग्रेन बेताने तापवले. बाउंड्रींमधला ताण सैलावून त्या स्थिरावल्या, मॉलिब्डेनम त्यांच्यात जाऊन बसलं, आणि दहाच्या खालचा, आधी मऊ असलेला धातू कडक झाला. म्हणजे निकाल नुसत्या मापावर लागत नाही, बाउंड्री किती पक्की यावर लागतो. मूळ लेखातलं ते वाक्य आज बदललं.

शेवटी विचारलंत, याचा क्रँकशाफ्ट होईल का? फोर्जिंगच्या तापमानाला हे ग्रेन टिकणारच नाहीत, वाढून पुन्हा तुमच्या नंबरांवर येतील. शुद्ध तांब्यात तर ते कधी कधी साध्या खोलीच्या तापमानालाही वाढतात, आणि ती खोली मे महिन्यातल्या सोलापुरातली नव्हे.