मूळची कुठली?

फ्रेंच रेड वाइनची बाटली हातात आली की आपण आधी चष्मा शोधतो, मग द्राक्ष. चष्मा सापडतो. नाशिकच्या बाटलीवर ठळक अक्षरांत ‘शिराझ’ किंवा ‘काबेर्ने’ असं लिहिलेलं असतं, विषय संपला. फ्रेंच बाटलीवर एका वाड्याचं चित्र, एक गाव, एक साल, आणि तळाशी ‘मिझां बुतेय ओ शातो’, म्हणजे जिथे केली तिथेच भरली. आत कुठलं द्राक्ष आहे हे विचारणं त्यांच्या लेखी अडाणीपणाचं.

यावर माझा उतारा घरगुती आहे. गावाच्या नावाला ‘कर’ लावायचा. पोयाककर, मार्गोकर, शिनोंकर. गाव कळलं की गोत्र कळतं, कारण तिथे ते कायद्यानेच बांधलेलं आहे. १९३५ साली फ्रान्सने ‘आपेलासियों’ची व्यवस्था आणली आणि कुठलं शिवार, द्राक्षाची कुठली जात, हेक्टरी उत्पादन किती, हे सगळं गावाच्या नावाशी जोडून टाकलं. म्हणजे गावं पाठ केली की द्राक्षं आपोआप पाठ होतात. गावं शेकडो आहेत, एवढीच काय ती अडचण.

सुरुवात बोर्दोपासून करावी, कारण तिथे निदान नदी मदतीला आहे. गारोन आणि दोर्दोन्य मिळून जिरोंद होते. डाव्या काठाला, मेदोककडे, जमीन गोट्यांची. पाणी झरझर निचरतं, दगड ऊन धरून ठेवतात, आणि उशिरा पिकणाऱ्या काबेर्ने सोव्हिन्योंला ती ऊब लागतेच. उजव्या काठाला, पोमरोल आणि सँतेमिल्योंकडे, चिकणमाती नि चुनखडी. तिथे लवकर पिकणाऱ्या मेर्लोचं राज्य. बहुतेक बाटल्यांत दोन्ही मिसळलेली असतात, कारण वसंतातलं हिमदव आधी फुटणाऱ्या मेर्लोला झोडपतं आणि हंगामाच्या शेवटचा पाऊस काबेर्नेला गाठतो. कापसात तूर घेणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

इथवर ठीक असतं. मग लेबलवर ‘क्रू’ दिसतो.

क्रू म्हणजे नावाजलेला मळा. मेदोकमध्ये ‘प्रमिए क्रू’, म्हणजे पहिला क्रू, सगळ्यांत वरचा. पूर्वेकडच्या बुर्गोन्य प्रांतात (इंग्रजीत बर्गंडी) तोच ‘प्रमिए क्रू’ दुसऱ्या पायरीवर, आणि त्याच्या डोक्यावर ‘ग्राँ क्रू’ बसलेला. सँतेमिल्योंत नुसतं ‘ग्राँ क्रू’ लिहिलं असेल तर हुरळून जाऊ नये, ते तिथल्या जरा कडक नियमांच्या बाटलीचं नाव आहे. त्याच्या वर ‘ग्राँ क्रू क्लासे’, त्याच्याही वर ‘प्रमिए ग्राँ क्रू क्लासे’. आणि सोनेरी अक्षरांतलं ‘ग्राँ व्हँ द बोर्दो’? त्याला सरकारी पायरी कुठलीच नाही. हॉटेलच्या पाटीवर ‘सुप्रसिद्ध मिसळ’ लिहितात, त्यातल्या ‘सुप्रसिद्ध’ इतकाच त्याचा अर्थ.

मेदोकची उतरंड १८५५ ची. तिसऱ्या नेपोलियनच्या पॅरिस प्रदर्शनासाठी दलालांनी बाजारभाव बघून पाच पायऱ्यांची यादी केली, ती आजही चालू आहे. वरच्या पायरीवर बढती मिळाली ती एकालाच, १९७३ साली, मुतों रोत्शिल्डला. (हे नाव चारचौघांत जपून उच्चारावं.) ११८ वर्षांनी मिळालेली बढती! आपल्याकडच्या सरकारी नोकराला याहून मोठा धीर कोण देणार?

बुर्गोन्यात द्राक्षाचा घोळ नाही. तिथली नामांकित लाल वाइन म्हणजे पिनो न्वार. घोळ आहे तो सातबाऱ्याचा. क्रांतीत मठांच्या जमिनी गेल्या, मग नेपोलियनच्या कायद्याने प्रत्येक वारसाला सारखा वाटा मिळत गेला. क्लो द वूजो हा एका दगडी कुंपणातला सुमारे ५० हेक्टरचा मळा, त्याचे आज जवळपास ८० मालक. कुंपण एक, नाव एक, दर्जाही सगळ्यांना सरसकट ग्राँ क्रू. पण वरच्या अंगाला पाण्याचा निचरा उत्तम, आणि खाली हमरस्त्याकडच्या सऱ्यांत ओल धरून राहते. एका चुलत्याचं सोनं, दुसऱ्याचा चिखल, किंमत मात्र दोघांची तालेवार. म्हणून बुर्गोन्यात मळ्याच्या नावाला न भुलता बारीक अक्षरांतलं उत्पादकाचं नाव आधी वाचायचं.

त्यात जेव्रे गावाने १८४७ साली आपल्या सगळ्यांत नावाजलेल्या मळ्याचं नाव स्वतःलाच जोडून घेतलं. तेव्हापासून ‘शांबेर्तँ’ म्हणजे ग्राँ क्रू, ‘जेव्रे-शांबेर्तँ’ म्हणजे गावची, आणि ‘शार्म-शांबेर्तँ’ म्हणजे पुन्हा ग्राँ क्रू. जोडनावातला पहिला शब्द गावाचा की मळ्याचा, एवढ्यावरून बिल कुठल्या कुठे जातं. मला विचाराल तर हा प्रकार बड्या मेहुण्याच्या नावावर उधारी करण्यातला आहे.

गरीब बिचारं गामे. १३९५ साली बुर्गोन्यच्या ड्यूक फिलिपने या द्राक्षाला बेइमान ठरवून वेली उपटायला लावल्या. दक्षिणेला बोजोलेच्या ग्रॅनाइटवर मात्र ते सुखाने नांदलं. तिथे क्रू म्हणजे एकटा मळा नव्हे, अख्खा टापू. असे दहा आहेत, मोर्गों, फ्लरी वगैरे. स्वस्त नि मस्त. पण त्यांच्या लेबलवर ‘बोजोले’ हा शब्द बहुधा शोधूनही सापडत नाही.

रोनच्या खोऱ्यात उत्तरेला एकटं सिरा (नाशिकची शिराझ ती हीच, शिऱ्याशी संबंध नाही) आणि दक्षिणेला ग्रेनाशच्या भोवती गोतावळा. तिथल्या ‘शातोनफ-द्यु-पाप’मधल्या पापाने दचकू नये, पाप म्हणजे पोप. चौदाव्या शतकात आव्हिन्योंला राहणाऱ्या पोपांनी तिथे नवा किल्ला बांधला, त्यावरून हे नाव. या एका वाइनला तेरा जातींची परवानगी आहे. नियमांची हौस इतकी की १९५४ मध्ये गावाच्या महापौराने उडत्या तबकड्यांना हद्दीवरून उडायला आणि उतरायला बंदी घातली. उतरली तर जप्त. आजवर एकही तबकडी उतरलेली नाही, तेव्हा बंदोबस्त चोख म्हणायचा.

आता प्यायचं. ‘खोलीच्या तापमानाला’ हे वाक्य दगडी भिंतींच्या गार फ्रेंच घरांसाठी आहे, १६ ते १८ अंश. मे महिन्यातल्या पुण्याच्या खोलीतली बोर्दो म्हणजे कोमट काढा, नुसता अल्कोहोल नाकात जातो. बर्फ आणि पाणी अर्धंअर्धं घेऊन बाटली गळ्यापर्यंत बुडवावी, पंधरा मिनिटं पुरतात. नुसता बर्फ नको, मधल्या हवेमुळे वेळ लागतो. बोजोले आणखी गार, १२-१४ ला.

आणि तांबड्या रश्श्यासोबत मेदोकमधली कोवळी पोयाक उघडू नये. सालीतून आलेलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरतं, जांभूळ खाल्ल्यावर जीभ ओढते तशी तोंडाची गत होते. वर अल्कोहोल तिखटाला आणखी पेटवतं. तिथे फ्लरीच बरी.

हॉटेलात वेटर आधी एक घोट ओततो तो आवडली का हे विचारायला नव्हे. ओल्या पुठ्ठ्याचा, पावसात भिजलेल्या वर्तमानपत्राचा वास आला तर बूच बिघडलेलं, बाटली बिनदिक्कत परत करायची. आपण मात्र डोळे मिटून, मान डोलावून ‘वा!’ म्हणतो, आणि उरलेली रात्रभर सगळं टेबल पुठ्ठा पीत बसतं.