पेपरला बक्षीस की पासपोर्टला?

आंतरराष्ट्रीय अभ्यासात पीएचडी करणाऱ्यांसाठीच्या एका पारितोषिकाची जाहिरात आज सकाळपासून सगळ्या ग्रुपवर फिरतेय. उत्कृष्ट विद्यार्थी-पेपर, मानपत्र, थोडीफार रक्कम, सगळं छान. आणि तळाशी तीच ती ओळ: पेपर वार्षिक अधिवेशनात स्वतः हजर राहून वाचलेला असावा. डोकंच फिरलं माझं.

तुम्हाला वेगळं सांगायला नको, आपल्यातल्या बऱ्याच जणांनी व्हिसाचे धक्के खाल्लेत. माझी एक ज्युनिअर आहे. नाव लिहीत नाही, तिला आवडणार नाही. तिचा विषय हवामान वाटाघाटींमधली छोटी बेटराष्ट्रं. मोठे देश माणसांची फौज घेऊन येतात, यांची चार-दोन माणसं एका बैठकीतून दुसरीत पळत असतात. तरी प्रदूषक वायू घटवण्यासाठीच्या क्योटो कराराचा पहिला मसुदा १९९४ मध्ये यांच्याच आघाडीनं मांडला, आणि २०१५ च्या पॅरिस करारात तापमानवाढ १.५ अंशांवर रोखण्याचा उल्लेख आला तोही मुख्यतः यांच्या रेट्यामुळे. हे तिनं असं लिहिलं होतं की रात्री सहज वाचायला घेतलं आणि संपवूनच उठले. पेपर स्वीकारला गेला, पॅनेलही मिळालं. व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळाली ती मात्र अधिवेशन उरकल्यानंतरची.

झालं. कमिटीनं एक पानही न उलटता ती पारितोषिकातून बाद.

कमिटीतले लोक आपली कामं सांभाळून फुकट राबतात, मान्य. संघटना प्रवासखर्चाला मदत करतात, तेही मान्य. पण पैशानं व्हिसाची तारीख अलीकडे येते का?

आमच्या विषयातल्या अभ्यासकांची मोठी संघटना म्हणजे इंटरनॅशनल स्टडीज असोसिएशन, १९५९ पासूनची. तिच्या कितीतरी विभागांची विद्यार्थी-पारितोषिकं अधिवेशनातल्या पेपरांनाच असतात. आणि २०२२ ते २०२५ ची चार अधिवेशनं कुठे भरली? नॅशव्हिल, मॉन्ट्रियल, सॅन फ्रान्सिस्को, शिकागो. म्हणजे अमेरिका, नाहीतर कॅनडा. जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकेनं सात देशांच्या नागरिकांना प्रवेशबंदी केली आणि पुढच्याच महिन्यात बाल्टिमोरला अधिवेशन होतं. तेव्हा केवढा गदारोळ झाला, कित्येक प्राध्यापकांनी बहिष्कार टाकला. पण माझ्या ज्युनिअरसारखं कुणी निमूटपणे गळलं तर कोण बहिष्कार टाकतंय? कोरोनात २०२१ चं अख्खं अधिवेशन ऑनलाइन झालं होतं की. तेव्हा कुठे आभाळ कोसळलं?

चिडून लिहितेय खरी, पण ही बक्षिसं बंद करा असं मी म्हणणार नाही. उलट. पीएचडीच्या त्या वर्षांत गाईड सोडून तुमचं कुणी काही वाचत नाही, आणि गाईडही वाचतात असं छातीठोकपणे म्हणवत नाही. अशात परक्या माणसांनी वाचून 'उत्तम' म्हणणं काय असतं, हे मिळालेल्यालाच कळतं. अमेरिकन पोलिटिकल सायन्स असोसिएशनचा आंतरराष्ट्रीय संबंधांवरच्या प्रबंधाचा पुरस्कार मर्झ टेट यांच्या नावानं आहे. १९४१ मध्ये हार्वर्ड-रॅडक्लिफमधून या विषयात पीएचडी मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री. (पुढे बाई शांतिनिकेतनात शिकवायलाही आल्या होत्या.) तिथे प्रबंध पाठवायचा, कमिटी वाचते. जमतंय ना?

ज्युनिअरनं तेव्हा फोन करून मला एवढंच विचारलं होतं, 'ताई, पेपर स्वीकारला होता असं सीव्हीत लिहिलं तर खोटं ठरेल का गं?' रडली नाही. मलाच काही बोलता येईना.

तुमच्यातले काही जण अशा कमिट्यांवर बसतात, मला माहीत आहे. पुढच्या बैठकीत एवढंच मांडा: पेपर स्वीकारला गेलाय ना, मग पारितोषिकासाठी तेवढं पुरे. आणि 'नियम सगळ्यांना सारखाच' अशी कमेंट टाकायला जे येतील, त्यांनी त्याच कमेंटमध्ये आपला पासपोर्ट कुठल्या देशाचा आहे तेही लिहावं.