अननोन पब्लिशर

देवगडात बसून विंडोजसाठी सॉफ्टवेअर लिहिणं सोपं आहे. ते दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडून दाखवणं, हे खरं काम. आंब्याच्या पेट्या आणि दलालांच्या विक्रीपट्ट्या यांचा हिशेब ठेवणारा एक छोटा प्रोग्रॅम मी केला. माझ्या बारशाच्या घुगऱ्या खाल्लेले बागायतदार तो डाउनलोड करतात, डबल क्लिक करतात आणि समोर विंडोजच्या ‘स्मार्टस्क्रीन’ नावाच्या पहारेकऱ्याची निळी पाटी येते. ‘मोअर इन्फो’ दाबलं की खुलासा होतो: ‘अननोन पब्लिशर’. पुढे जायचं बटणही तिथेच आड लपलेलं. कोकणी माणूस मुळात संशयी, त्याला एवढं निमित्त पुरतं.

उपाय म्हणजे डिजिटल सही. त्यासाठी कोड सायनिंग सर्टिफिकेट विकत घ्यायचं. पूर्वी ते फाइल म्हणून मिळायचं. १ जून २०२३ पासून सहीची गुप्त किल्ली प्रमाणित हार्डवेअरमध्येच हवी. म्हणजे पेनड्राइव्हएवढं टोकन, आणि तेही कुरिअरने.

त्याआधी मी म्हणजे मीच, हे सिद्ध करायचं. ‘मधली वाडी, मारुतीच्या देवळामागे’ हा पत्ता पोस्टमनला पुरतो, सर्टिफिकेटवाल्यांना नाही. त्यांना रस्त्याचं नाव हवं. आमच्या घरी दगडी पायऱ्यांची पाखाडी येते. तिचं बारसं करायचं कोणाला सुचलेलं नाही. मग पडताळणीचा फोन. घरात रेंज नाही, म्हणून मी सड्यावर. खालच्या बागेत कोणीतरी वानर हाकायला डबा बडवतंय आणि मी वाऱ्यात ओरडून एका परदेशी बाईला स्वतःच्या नावाचं स्पेलिंग सांगतोय.

टोकन आलं. पासवर्ड ठरावीक वेळा चुकला की ते स्वतःला कुलूप लावून घेतं, त्यामुळे टाइप करताना घाम फुटतो. सहीबरोबर टाइमस्टॅम्प, म्हणजे वेळेचा शिक्का, मारला तर सर्टिफिकेटची मुदत संपल्यावरही जुनी सही चालते. (आमच्या सातबाऱ्यावर पणजोबा अजून चालतात, तसंच.)

एवढं करून स्मार्टस्क्रीन लगेच विश्वास ठेवत नाहीच. भरपूर लोकांनी प्रोग्रॅम चालवला की हळूहळू पत वाढते. लोक चालवत नाहीत, कारण पाटी येते. पाटी येते, कारण लोक चालवत नाहीत. जास्त कडक पडताळणीचं, महागडं ‘ईव्ही’ सर्टिफिकेट घेतलं तरी आता ती आपोआप टळत नाही.

सही केलेली आवृत्ती शेजारच्या तात्यांनी डाउनलोड केली. पाटी आलीच, पण ‘पब्लिशर’पुढे या वेळी माझं संपूर्ण नाव होतं. तात्यांनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं.

“आता नाव इलां तुझां. म्हणजे धोको कोणाकडसून आसा, तां तरी कळलां.”