मंदार नव्हे, मंदर
समुद्रमंथनात रवी झालेल्या पर्वताचं नाव तुमच्या लेखात सगळीकडे 'मंदार' छापलंय आणि त्याचा अर्थ 'रुईचा डोंगर' असा लावलाय. हे अजिबात पटलं नाही. तो पर्वत मंदर. एका कान्याने अर्थ पार बदलतो. मंदार हे झाड, अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशातल्या पाच देवतरूंपैकी एक, आणि आपल्याकडे रुईलाही तेच नाव. ठाण्यात जांभळी नाक्यावर दर शनिवारी मी मारुतीसाठी रुईच्या पानांचा हार घेते, देठाचा पांढरा चीक बोटांना चिकटतो, तो हा मंदार. 'मंदर' शब्दाचा अर्थ मात्र संथ, जाड, घट्ट. वासुकीचा दोर गुंडाळून सागर घुसळायला असंच काहीतरी भक्कम हवं होतं! आणि ते इतकं जड, की बुडायला लागलं. म्हणून तर विष्णूला कासव होऊन पाठ द्यावी लागली.

बिहारमध्ये बांका जिल्ह्यात हाच तो पर्वत मानली जाणारी टेकडी आहे, तिला लोक मंदारच म्हणतात, घोळ तिथून झाला असेल. तरी एवढी दुरुस्ती कराच. शाळेच्या प्रकल्पासाठी मुलं असंच वाचून जसंच्या तसं उतरवून घेतात.