‘आधी आकडी थांबू दे, मग दात बघू’: एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, आकडीची औषधं आणि मुलांचे दात यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही दिलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमची 4 वर्षांची भाची याच आकडीच्या (अपस्माराच्या) आजारातून जातेय, म्हणून उत्तर सविस्तर देते. तुमचं म्हणणं असं: आधी आकडी थांबू दे, दात नंतर, दुधाचे दात तर पडणारच, आणि फेनिटॉइन या आकडीच्या औषधाने हिरड्या वाढतात असं लिहिलं की एखादी आई घाबरून औषधच बंद करेल.

शेवटच्या मुद्द्यात माझं चुकलंच. ‘औषध आपल्या मनाने बंद करू नका’ हे मी लेखाच्या तळाशी लिहिलं होतं, ते आता पहिल्या ओळीत आणलंय. औषध अचानक तोडलं तर फिट थांबतच नाही अशी वेळ येऊ शकते, जिवावर बेतू शकतं.

पण आधी न सांगितल्याने काय होतं, ते माझ्याच घरात झालंय. मुलगा 7 वर्षांचा, फेनिटॉइन सुरू होऊन चारेक महिने झालेले. एका सकाळी त्याच्या ब्रशला रक्त दिसलं. ओठ वर करून पाहिलं, तर नव्या आलेल्या दोन दातांमधलं हिरडीचं टोक डाळिंबाच्या दाण्यासारखं फुगून दातावर आलं होतं. ब्रश लागतोय असं वाटून आठवडाभर नुसत्या चुळांवर भागवलं. नेमकं उलटं केलं मी. दातांवर कीट साचलं की ही वाढ आणखी बळावते. त्यात शेजारणीने ‘औषध बाधलं’ म्हटलं. त्या रात्री बाटली हातात घेऊन मी किती वेळ बसले होते! औषध दिलं शेवटी, पण नसतं दिलं तर? ताई, हे मला पहिल्या दिवशीच कुणी सांगितलं असतं, तर ती रात्र आलीच नसती.

आणि ही काही नवी गोष्ट नाही. औषध 1938 साली वापरात आलं, पुढच्याच वर्षी हिरड्या वाढल्याची नोंद झाली. फेनिटॉइन घेणाऱ्यांपैकी साधारण निम्म्यांना हा त्रास होतो. दिल्लीच्या एम्समध्ये मुलांना फेनिटॉइनसोबत फॉलिक अ‍ॅसिड (एक जीवनसत्त्व) देऊन पाहिलं (2011). सहा महिन्यांत त्यांच्यातल्या 21 टक्क्यांच्या हिरड्या वाढल्या, न दिलेल्यांमध्ये 88 टक्क्यांच्या. तेही डॉक्टरांना विचारूनच द्यायचं, कारण जास्त झालं तर फेनिटॉइनचं रक्तातलं प्रमाण उतरतं.

दुधाचे दात पडतात, खरं. पण दुधाच्या दाढा 10-12 वर्षांपर्यंत तोंडात असतात. दाढ ठणकली की झोप उडते, आणि जागरणाने फिट येते हे तुम्हीही पाहिलं असेल. मग दात नंतर कसे बघायचे?

भाचीला रात्रीचं सिरप ब्रशनंतर देत असाल, तर आजपासून आधी द्या. गोड सिरप रात्रभर दातांवर राहतं, झोपेत लाळही कमी सुटते. सिरप व्हॅल्प्रोएटचं (आकडीचंच दुसरं औषध) असेल, तर दात काढायच्या आधी दंतवैद्यांना सांगा. त्याने रक्त थांबवणाऱ्या पेशी, म्हणजे प्लेटलेट, कमी होऊ शकतात. कुठलं औषध चालू आहे, ते मला कळवाल का?