पुलीला वेल्डिंगचे टाके मारू नका

गेले पंधरा दिवस आमच्या दारव्हा-दिग्रस भागातल्या कास्तकारांच्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरतो आहे. त्यात सांगितलंय ते असं: मोटरची पुली ढिली झाली तर लेथवाल्याकडे पैसे घालू नका. चावी (शाफ्ट म्हणजे मोटरचा फिरता दांडा, त्याच्या आणि पुलीच्या खाचेत मिळून बसते ती लोखंडी पट्टी) नसली तरी चालतं, आणि ग्रब स्क्रू (पुलीतून शाफ्टवर आवळायचा बिनडोक्याचा छोटा स्क्रू) काय, सुटतोच. कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा शाफ्टला गुंडाळा, पुली हातोड्यानं ठोका, तोंडाशी वेल्डिंगचे दोन टाके मारा, पट्टा तारेसारखा ताणा. जन्मभर हलणार नाही.

सोयाबीनचा हंगाम तोंडावर आहे. मी मोटरी भरायचं काम करतो आणि असे उपाय झालेल्या मोटरी शेवटी माझ्याच टेबलावर येतात, म्हणून लिहितो.

त्यातली एक गोष्ट खरी आहे. नुसता ग्रब स्क्रू पुली धरून ठेवत नाही, थरथरीनं तो सुटतो. पण पुली फिरवणं हे त्याचं कामच नाही. पुली शाफ्टवरून पुढेमागे सरकू नये एवढ्यासाठी तो असतो. फिरवायचं काम चावीचं, आणि तीच तर व्हिडिओवाला काढून टाकायला सांगतो.

चावीवर किती जोर येतो ते बघा. 5 एचपीची, 1440 फेऱ्यांची मोटर पूर्ण लोडवर साधारण 24 न्यूटन-मीटर पीळ देते. या मोटरीचा शाफ्ट बहुधा 28 मिमीचा, म्हणजे मध्यापासून कड 14 मिमीवर. त्या कडेवर जोर येतो सुमारे पावणेदोन क्विंटल. सुरू होतानाचा झटका तर याच्या दुपटीवर जातो. एवढा भार 8 मिमी रुंद, 7 मिमी उंच लोखंडी चावी मुकाट्यानं सोसते, फक्त ती खाचेत दोन्ही बाजूंनी घट्ट बसलेली हवी. वरच्या अंगाला केसभर फट राहू द्यायची. चावी उंच झाली तर पुली एका बाजूला उचलली जाते आणि पट्टा धडधडतो. खिळा किंवा सळईचा तुकडा घासून चावी करू नका. तो आधी दबतो, मग खाचेच्या कडा खातो. खाच खाल्ली गेली असेल तर पुलीत दुसऱ्या अंगाला नवी खाच पाडून घ्या, तालुक्याच्या वर्कशॉपात ते काम होतं.

पत्र्याचं म्हणाल तर डब्याचा पत्रा नरम ॲल्युमिनियमचा असतो. आठवड्यात चुरा होतो, पुली पुन्हा ढिली आणि वर मध्यातून हललेली. भोक मोठं झालं असेल तर पुली लेथवर बोअर करून आत बुश (नळीसारखं कडं) बसवायचा, नाहीतर नवी पुली घ्यायची.

हातोड्याबद्दल मात्र कळकळीनं सांगतो. पुलीवर बसलेला प्रत्येक घाव शाफ्टमधून सरळ बेअरिंगच्या छर्‍यांवर जातो आणि रेसवर (छर्रे फिरतात त्या कड्यांवर) बारीक खड्डे पडतात. त्या दिवशी काही कळत नाही. महिना-दोन महिन्यांनी मोटर घरघरायला लागते. पुली चढवायची सोय मोटरवरच आहे: बहुतेक मोटरींच्या शाफ्टच्या टोकाला मधोमध आटे पाडलेलं भोक असतं, 28 मिमीच्या शाफ्टला बहुधा 10 मिमी आट्याचं. त्यात स्टड घाला, जाड वॉशर आणि नट लावून पुली हळूहळू ओढून घ्या. तरी अडत असेल तर पुली दहा मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवा. भोक दोन शतांश मिमीनं फुगतं, तेवढंही पुष्कळ होतं. काढताना पुलर (पुली ओढून काढायचं हत्यार) लावा. बिडाच्या पुलीच्या कडेवर ठोकलं तर कड तुटून हातात येते.

आता वेल्डिंग. मागच्या उन्हाळ्यात एका चक्कीची मोटर आली. चक्कीवाले दादा म्हणाले, “भाऊ, नुसतं बेअरिंग बदलून द्या, दुपारी नेतो.” पुलीच्या तोंडाशी दोन मोठे टाके होते. पुली उतरल्याशिवाय पुढचं झाकण निघत नाही, आणि झाकण निघाल्याशिवाय बेअरिंग बदलता येत नाही. ग्राइंडरनं टाके कापले तर शाफ्टचं टोकही कापलं गेलं. पुली बिडाची होती, टाक्याच्या शेजारूनच तिला चीर गेलेली, नख घातलं तर अडकत होतं. बीड आणि पोलाद साध्या रॉडनं जोडलं की तिथं काचेसारखा ठिसूळ थर बनतो आणि तो तडकतो. बेअरिंगही त्या वेल्डिंगनंच गेलं असावं, कारण अर्थिंगचा चिमटा मोटरच्या बॉडीला लावला की करंट छर्‍यांमधून वाहतो आणि रेस ठिकठिकाणी भाजते. शेवटी शाफ्टचं टोक वेल्डिंगनं भरून लेथवर उतरवलं, नवी खाच पाडली, नवी पुली घेतली. आठ दिवस चक्की बंद, आणि गावातल्या बाया दळण डोक्यावर घेऊन शेजारच्या गावी जात होत्या. मूळ बिघाड घासलेल्या चावीचा होता.

पट्टा तारेसारखा ताणला की सगळा ओढा पुढच्या बेअरिंगवर येतो. दोन पुलींत 1 मीटर अंतर असेल तर मधोमध बेतानं दाबल्यावर पट्टा सुमारे 16 मिमी दबला पाहिजे. पुली शाफ्टवर पूर्ण आत सारा आणि दोन्ही पुलींच्या तोंडावरून सुतळी ताणून त्या एका रेषेत आहेत का ते पाहा.

व्हिडिओत तो माणूस नुसतं स्टार्टरचं लाल बटण दाबून पट्ट्यात हात घालतो. आपल्याकडे कित्येक मोटरींना ऑटो बसवलेला असतो, लाइन आली की मोटर आपोआप सुरू होते. आधी मेन स्विच पाडा, फ्यूजच्या ग्रिपा काढून खिशात ठेवा, मगच पुलीला हात लावा.

नवी पुली बसवल्यावर तासभर चालवून, अशीच लाइन तोडून, ग्रब स्क्रू एकदा पुन्हा आवळा. मग आठ दिवसांनी पुलीच्या तोंडाशी बोट फिरवून बघा. बोटाला कुंकवासारखी लालसर भुकटी लागली तर पुली आत हलते आहे, चावी त्याच दिवशी काढून तपासा.