फुकटचं लिनक्स आणि सरकणारी साईज

मशीनशॉपवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. मला तो तिघांनी पाठवला, त्यातल्या एकाने वर "खास तुमच्यासाठी" असं लिहून. मजकूर थोडक्यात असा: जुन्या सीएनसी मशीनचा कंट्रोलर (मशीन चालवणारा संगणक) गेला की त्याजागी साधा पीसी बसवून त्यावर लिनक्ससीएनसी हे मोफत कंट्रोल सॉफ्टवेअर चढवणं म्हणजे भंगाराला रंग मारणं. कारणं पाच दिलीत. ते फुकटचं, शौकिनांचं सॉफ्टवेअर आहे. पीसी हँग झाला की टूल जॉबमध्ये, म्हणजे घडवायच्या तुकड्यात घुसतं. साईज टिकत नाही. सगळा हिशेब मांडला तर स्वस्तही पडत नाही. आणि बिघडलं तर बघायला कुणी येत नाही.

शिरोली एमआयडीसीत मी हेच काम करतो, माझं पोट त्यावर आहे. तेव्हा पुढचं वाचताना तेवढी वजावट धरा. शिवाय पाचातला एक मुद्दा मला निम्मा पटतो. तो शेवटी घेतो.

आधी "फुकट" घेऊ. हे सॉफ्टवेअर कुणाच्या गॅरेजमध्ये जन्मलं नाही. अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी मानक संस्थेत १९९०च्या दशकात ते लिहिलं गेलं, 'एन्हान्स्ड मशीन कंट्रोलर', थोडक्यात ईएमसी, या नावाने. जनरल मोटर्सच्या मिशिगनमधल्या पाँटिअक इथल्या पॉवरट्रेन कारखान्यात, किअर्नी अँड ट्रेकरच्या हॉरिझॉन्टल मशिनिंग सेंटरवर ते चालवून बघितलं गेलं. तिथल्या सरकारी नोकरांनी लिहिलेलं म्हणून ते सगळ्यांच्या मालकीचं. फुकटपणाचं मूळ एवढंच. पुढे जगभरच्या स्वयंसेवकांनी ते वाढवलं. ईएमसी याच नावाच्या स्टोरेज कंपनीने नावाला हरकत घेतली, म्हणून २०११च्या सुमारास लिनक्ससीएनसी हे नाव आलं. शौकीन ते वापरतात, हे खरंच आहे. शौकीन लोक मिटुटोयोसारख्या नामांकित कंपनीचा मायक्रोमीटरही वापरतात. आणि ज्या अँड्रॉइड फोनवर हा मेसेज पुढे ढकलला जातोय त्याच्या पोटातही लिनक्सच आहे.

आता हँग होण्याची भीती. ती मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही, कारण ती कुठून आली ते मी बघितलंय. एके काळी कुठलाही जुना पीसी उचलायचा, प्रिंटरच्या पोर्टमधून थेट स्टेपर ड्राइव्हला (मोटर फिरवणाऱ्या डब्याला) पल्स द्यायचे, आणि झालं रेट्रोफिट, म्हणजे जुन्या मशीनला नवा कंट्रोलर. त्यात प्रत्येक पल्स पीसीनेच वेळेवर सोडायचा असतो, दर २५ ते ५० मायक्रोसेकंदांनी. पीसी जरा अडखळला की स्टेप गेली आणि जॉब गेला. मदरबोर्डच्या बायॉसमध्ये काही कामं अशी असतात की ती ऑपरेटिंग सिस्टिमला न विचारता प्रोसेसर ताब्यात घेतात. असा बोर्ड तासभर शहाण्यासारखा वागतो आणि मग एकदम उचकी देतो. लॅपटॉपचं तर नावच काढू नका.

आज प्रॉडक्शनच्या मशीनवर मी असं काम करत नाही. एन्कोडर (मोटर किती फिरली ते सांगणारा सेन्सर) मोजणं, पल्स काढणं ही कामं पीसीला जोडलेल्या मेसा कंपनीच्या कार्डासारख्या कार्डावरची वेगळी चिप, एफपीजीए, करते. पीसी दर मिलिसेकंदाला एकदा हिशेब करून कार्डाला पुढचा हुकूम देतो, आणि हे करणारा प्रोग्रॅमचा धागा (थ्रेड) स्क्रीनपासून वेगळा असतो. स्क्रीन गोठली तरी अक्ष आपला मार्ग धरून चालत राहतो. माऊस हलत नाही म्हणून ऑपरेटर घाबरतो, ते स्वाभाविक आहे, पण टूल घाबरत नाही. आणि पीसी खरोखरच मेला तर? कार्डावर वॉचडॉग, म्हणजे पीसीवर लक्ष ठेवणारा टायमर असतो; ५ मिलिसेकंद पीसीकडून खबर आली नाही की कार्ड आपले आउटपुट बंद करतं, ड्राइव्हचं एनेबल (चालायची परवानगी) पडतं. झेड अक्ष उभा असेल तर त्याला ब्रेक हवाच, तो आपण आधीच तपासलेला असला पाहिजे.

पीसी निवडताना लेटन्सी टेस्ट (पीसी किती अडखळतो ते मोजणारी) किमान एक रात्र लावून ठेवायची, आणि तीही नुसती नाही. बाजूला फायली कॉपी करायला लावायच्या, स्क्रीनवर फिरती चित्रं ठेवायची, म्हणजे बोर्डाचे खरे रंग दिसतात. पंधरा मिनिटं टेस्ट बघून मशीन ताब्यात देणारे लोक आहेत. मेसेज लिहिणाऱ्याला बहुधा त्यांच्यापैकीच कुणी भेटला असावा.

इमर्जन्सी बटणाचं एकाच ओळीत सांगतो. ते रिलेवर, तारेने, ड्राइव्हची पॉवर तोडणारं असलं पाहिजे. ते फक्त सॉफ्टवेअरमधून नेणाऱ्याने पॅनलला हात लावू नये, कंट्रोलर फुकटचा असो की जपानी.

साईजचा मुद्दा सगळ्यात जास्त शेअर होतो, आणि त्याच्यावर मला एक मशीन दाखवायचंय.

एका युनिटमध्ये जुना टर्निंग सेंटर (सीएनसी लेथ) होता, दुसऱ्या एकाने रेट्रोफिट करून दिलेला. व्हॉल्व्ह बॉडीचं बोअर (आतलं भोक), एकूण टॉलरन्स, म्हणजे चालणारा फरक, २५ मायक्रॉन. सकाळी साईज बरोबर, जेवणाच्या सुट्टीपर्यंत बोअर ४० मायक्रॉन सरकलेलं. सेटर दर दोन-तीन जॉबला ऑफसेट (साईजची दुरुस्ती) द्यायचा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी होम केलं, म्हणजे अक्ष मूळ खुणेवर नेला, की कालचा ऑफसेट काढून टाकायचा. "साहेब, लिनक्स सरकतंय बघा," असं त्याने मला सांगितलं. मालकाचं मत, स्लाइड सरकवणारा बॉलस्क्रू गरम होऊन वाढतोय. दोन्ही ऐकायला बरोबर वाटतात.

पहिली गोष्ट केली ती फुकटची. भर दुपारी, मशीन गरम असतानाच पुन्हा होम करायला लावलं, ऑफसेट सकाळचाच ठेवला. पुढचा जॉब साईजमध्ये आला. गरमीने वाढलेला स्क्रू होम केल्याने आकसत नाही. म्हणजे स्क्रू निर्दोष सुटला. मशीन आपण कुठे आहोत हे विसरत होतं, आणि होमिंगला एन्कोडरचा इंडेक्स पल्स (फेऱ्यातून एकदाच येणारी खूण) मिळाला की त्याला पुन्हा आठवत होतं.

मग ड्राइव्हचं एनेबल काढलं, एक्स अक्षाच्या स्लाइडला डायल गेज लावला आणि हालस्कोप उघडला. हालस्कोप हा लिनक्ससीएनसीतच असलेला ऑसिलोस्कोप. कंट्रोलरच्या आतला कुठलाही आकडा त्यावर रेषेसारखा बघता येतो. त्यावर एक्सच्या एन्कोडरचा कच्चा काउंट लावला आणि कूलंट पंपाचा कॉन्टॅक्टर (विजेचा मोठा स्विच) वीस वेळा चालू-बंद केला. डायलचा काटा ढिम्म. पण वीसातून तीन वेळा, कॉन्टॅक्टर सुटण्याच्या क्षणी, काउंट उडाला. तिन्ही वेळा बरोबर चारने, आणि एकाच दिशेने.

चार हा आकडा बोलका आहे. एन्कोडरच्या ए आणि बी या दोन चॅनलचं एक पूर्ण आवर्तन म्हणजे चार काउंट. एकट्या चॅनलवर विजेचा कचरा (नॉइज) आला तर काउंट एक पुढे जाऊन एक मागे येतो, हिशेब मिटतो. थांबलेल्या मशीनवर चारचा फरक कायम राहिला, तर दोन्ही चॅनलवर एकाच वेळी कचरा शिरतोय. २५०० लाइनचा एन्कोडर, चौपट करून १०,००० काउंट, ५ मिलिमीटर पिच: एक काउंट म्हणजे अर्धा मायक्रॉन, चार म्हणजे दोन, व्यासावर चार. दहा वेळा असं झालं की ४० मायक्रॉन. सेटरची वही आणि हालस्कोप एकच गोष्ट सांगत होते.

पॅनल उघडलं. आधीच्या माणसाने ए आणि बी तेवढे जोडले होते. त्यांच्या उलट्या जोडीच्या तारा, ए-बार आणि बी-बार, ज्यांच्यामुळे बाहेरचा कचरा वजा होतो, कापून टेप मारून ठेवल्या होत्या, आणि कार्डाचे जम्पर त्याप्रमाणे लावले होते. केबलची शील्ड (तारांवरची धातूची जाळी) कुठेच जोडलेली नव्हती. केबल कॉन्टॅक्टरच्या तारांबरोबर एकाच डक्टमधून गेलेली. चारही तारा जोडल्या, जम्पर बदलले, शील्ड पॅनलच्या बाजूला अर्थ केली, कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर आरसी स्नबर (विजेचा झटका जिरवणारे) टाकले, केबल वेगळ्या डक्टमध्ये नेली. सामानाचा खर्च मालकाच्या चहाच्या बिलाइतका. पुन्हा वीस वेळा कॉन्टॅक्टर, पुन्हा हालस्कोप: रेषा सरळ. नंतर स्क्रू फिरवून दोन इंडेक्समधले काउंट मोजले, दर फेऱ्याला १०,०००.

सॉफ्टवेअरची एक ओळही बदलली नव्हती. एक मात्र मान्य करतो: चांगल्या जुन्या कंट्रोलरने एन्कोडरची तार तुटल्याचा अलार्म पहिल्याच दिवशी दिला असता. इथे तो आपल्याला बसवून घ्यावा लागतो.

अजून एक कबुली याच मुद्द्यात. लिनक्ससीएनसीच्या २.७ आवृत्तीपासून, म्हणजे २०१५पासून, पुढच्या अनेक ओळी आधीच वाचून वेग ठरवण्याची सोय आली, पण २.९मध्येही प्रवेग एकदम सुरू होतो आणि एकदम संपतो. डाय-मोल्डच्या (साच्यांच्या) वळणदार पृष्ठभागावर वेगात फिनिशिंग करायचं असेल तर हा झटका जॉबवर दिसतो. असलं काम घेऊन येणाऱ्याला मी स्वतःच नवीन मशीन बघायला सांगतो. फ्लँज, बोअर, व्हॉल्व्ह बॉडी करणाऱ्याला त्याचा काही फरक पडत नाही.

"स्वस्त पडत नाही" याचं उत्तर मशीनवर अवलंबून आहे, मेसेजसारखं सरसकट देता येत नाही. १० व्होल्टचा ॲनालॉग हुकूम घेणारे जुने ड्राइव्ह जिवंत असतील तर ते आणि मोटर तशाच ठेवता येतात, आणि हिशेब जमतो. पण ड्राइव्ह फॅनक या जपानी कंट्रोलर कंपनीच्या ऑप्टिकल फायबरवर बोलणारे असतील तर ती भाषा बाहेरच्यांसाठी बंद आहे. सगळे ड्राइव्ह आणि मोटर बदलावे लागतात, आणि मग मेसेजवालाच बरोबर ठरतो. स्लाइड घासलेल्या असतील तर कंट्रोलरवर एक रुपयाही घालू नका.

राहिला सर्व्हिसचा, निम्मा पटणारा मुद्दा. जुन्या बंद कंट्रोलरला तरी कोण येतं, हे आधी विचारतो. कंट्रोलरमधली बॅटरी संपली, पॅरामीटर पुसले गेले आणि त्यांची यादी कुणाकडेच नाही, म्हणून आठवडाभर उभी राहिलेली मशीनं मी बघितलीत. लिनक्ससीएनसीचं सगळं सेटिंग साध्या मजकुराच्या फायलींत असतं. पेनड्राइव्हवर कॉपी केलं की झालं.

पण त्या फायली कळणारा माणूस गावात एकच असेल, आणि तो मी असेन, तर मालक माझ्या तब्येतीवर अवलंबून आहे. वर सांगितलेल्या टर्निंग सेंटरला वायरिंगचा एकही कागद नव्हता. पहिले दोन दिवस कुठली तार कुठे जाते हे शोधण्यातच गेले, आणि ते पैसे मालकाने मोजले. तेव्हापासून मी पॅनलच्या दाराला आतून प्लास्टिकच्या पाकिटात वायरिंगचा नकाशा, सेटिंगच्या फायलींची छापील प्रत आणि बदलांची तारीखवार नोंद ठेवतो. शेवटचा हप्ता घेण्याआधी त्यांच्या इलेक्ट्रिशियनला एकदा हालस्कोप उघडून एन्कोडरचा काउंट शोधायला लावतो. त्याला तो सापडेपर्यंत मी हप्ता मागत नाही.